पट्टेवाली प्रत्येक माशी उझी नसते

रेशीम उत्पादकांच्या गटांमध्ये एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : संगोपनगृहात पाठीवर काळे पट्टे असलेली करडी, केसाळ माशी दिसली की ती उझीच (रेशीम अळीच्या अंगात वाढून तिला मारणारी माशी) समजावी, फोटोवरून ओळख पटते, तुतीचा पाला धुऊन घातला की प्रादुर्भाव टळतो, आणि उझीच्या कुळातली दिसेल ती माशी मारावी.

आधी पट्ट्यांचे पाहू. उझीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात हे खरे. पण घरमाशीच्या पाठीवरही चारच असतात. मांसमाशीच्या पाठीवर तीन असतात आणि तिच्या पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटे दिसतात, म्हणजे पट्टे मोजून फार तर मांसमाशी वगळता येते. उझी ज्या टॅकिनिड कुळातली आहे त्याची खूण वेगळीच आहे : पाठीच्या मागच्या टोकाला असलेल्या त्रिकोणी ढालीखाली आणखी एक ठळक, फुगीर उंचवटा असतो, आणि तो माशी आडवी धरून भिंगाखालीच नीट दिसतो. वरून काढलेल्या मोबाइल फोटोत तो यायचा कसा?

ही चूक महागात पडते. मांसमाशी अंडी न घालता जिवंत अळ्या टाकते आणि मेलेल्या, कुजलेल्या रेशीम अळ्यांकडे ओढली जाते. तिथे दोष स्वच्छतेचा किंवा आधीच शिरलेल्या रोगाचा असतो. नुसत्या जाळ्या बसवून तो जात नाही. उझीचा पुरावा माशीपेक्षा अळीच्या अंगावर शोधावा. कातडीला चिकटलेले पांढरे, लंबगोल अंडे डोळ्यांना दिसते, आणि त्यातून निघालेली अळी आत शिरते तिथे काळा डाग पडतो.

पाला धुण्याचा सल्ला दुसऱ्याच माशीचा आहे. जपानमधली ब्लेफेरिपा सेरिकेरिई तुतीच्या पानांवर बारीक अंडी घालते आणि ती पाल्याबरोबर अळीच्या पोटात जातात. आपल्याकडची उझी, म्हणजे एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, थेट अळीवरच अंडी घालते, मग पाला कितीही धुवा. ही माशी 1980 मध्ये कर्नाटकात पोचली तीही पश्चिम बंगालमधून आलेल्या रेशीम कोषांतून. विदर्भातल्या टसर रेशमाच्या अळीवर येणारी ब्लेफेरिपा झेबिना ही आणखी निराळी. एक्झोरिस्टा गटातल्या जवळच्या प्रजाती तर बऱ्याचदा नराची जननेंद्रिये तपासूनच वेगळ्या करता येतात. आपल्याच उझीला जुन्या लिखाणात एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स म्हटलेले आढळते.

राहिला सरसकट मारण्याचा मुद्दा. याच कुळातली कार्सेलिया इलोटा हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या अंगात वाढून तिला मारते, तेव्हा शिवारात दिसणाऱ्या टॅकिनिड माश्यांवर औषध मारणे म्हणजे आपल्याच कामाची माशी घालवणे होय.

शंका असेल तर रोगट अळीतून बाहेर पडलेले किडे ओलसर माती घातलेल्या बरणीत ठेवून तोंडाला कापड बांधावे. त्यातून निघालेल्या माश्या, शक्यतो नर धरून, कीटकशास्त्रज्ञाकडे द्याव्यात आणि त्या कोणत्या अळीतून निघाल्या याची चिठ्ठी सोबत जोडावी.