टाकीतली पिल्लं तळ्यात सोडायची नसतात

‘फिश टँकमध्ये अचानक पिल्लं झाली? घाबरू नका, हे पाच उपाय करा’ असा एक मेसेज सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’ अशी विनंती. माझ्या ताईपर्यंतही तो पोचला. तिच्या टाकीत मॉली, गप्पी, दोन एंजल आणि तळाशी फिरणारे कॉरिडोरस असा मिश्र संसार आहे, आणि एका सकाळी जावा मॉस या पाणवनस्पतीत पिल्लं दिसल्यावर तिने पाचातले दोन उपाय लगेच करूनही टाकले. पाचवा ती लेकाला बरोबर घेऊन पुण्यातल्या पाषाण तलावावर करणार होती. त्याआधी तिने सहज फोनवर सांगितलं म्हणून तो टळला. बाकीच्या घरांत तो टळला असेल याची मला अजिबात खात्री नाही.

मेसेज म्हणतो ते थोडक्यात असं. एक, मादी गाभण दिसली की तिला ब्रीडिंग बॉक्समध्ये, म्हणजे टाकीतल्या जाळीच्या डबीत कोंडा आणि पिल्लं होईपर्यंत बाहेर काढू नका. दोन, पिल्लांना दिवसातून पाच-सहा वेळा उकडलेल्या अंड्याचा बलक पोटभर द्या. तीन, पिल्लं ‘आईच्याच पाण्यात’ वाढतात, तेव्हा महिनाभर पाणी बदलू नका. चार, पाण्यात चिमूटभर हळद टाका, रोग होत नाहीत. पाच, पिल्लं फार झाली तर जवळच्या विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडा. त्यांना मोकळं आयुष्य, तुम्हाला पुण्य आणि गावाला डासांपासून सुटका.

पाचव्यापासूनच सुरुवात करतो. पहिल्या चारांनी नुकसान झालं तर ते एका टाकीपुरतं होतं. पाचव्याचं नुकसान परत भरून काढता येत नाही.

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग आणि त्रिनिदाद इथला मासा. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. यांतला एकही आपल्या नद्यांचा नाही. यांची मादी अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी एकदम वीस, तीस, कधी त्याहून जास्त पोहणारी पिल्लं टाकते. त्यातही एकदा नराशी संग झाला की ती शुक्राणू अंगात साठवून ठेवते आणि पुढचे कित्येक महिने नर नसतानाही विणत राहते. म्हणजे तळ्यात वस्ती व्हायला जोडी लागतच नाही, एक मादी पुरते. कमी ऑक्सिजनचं, घाण, कोमट पाणी तिला चालतं, आणि आपल्या शहरांतले ओढे-नाले नेमके तसेच आहेत. गप्पीने आपल्या मूळ प्रदेशाबाहेर साठाहून अधिक देशांत बस्तान बसवलं आहे ते याच जोरावर.

आता डासांचं. यात अर्धं खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. गप्पी डासांच्या अळ्या खातो. हिवताप विभाग, महापालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं गप्पी सोडत आल्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातला गप्पीचा हौद गावाकडच्या अनेकांनी पाहिलेला असतो. म्हणून ‘सरकार सोडतं, मग आम्ही का नाही’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. पण ते मासे सोडायची जागा म्हणजे वापरात नसलेली विहीर, बांधकामावरची टाकी, कारंज्याचा हौद. जिथलं पाणी तिथेच राहतं आणि जिथे दुसरे मासे नाहीत, अशी ठिकाणं. वाहत्या नदीत किंवा ओसंडणाऱ्या तळ्यात मूठभर पिल्लं ओतणं हे ते काम नव्हे.

आणि खरं सांगायचं तर सरकारी पद्धतीबद्दलही शास्त्रज्ञांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. राना अल-सबावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली ‘बायोलॉजी लेटर्स’ या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात गप्पी सोडून डास आवरण्याच्या जगभरच्या प्रथेचा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. गप्पीने काचेच्या भांड्यातल्या अळ्या फस्त केल्या म्हणजे प्रत्यक्ष तळ्या-ओढ्यात डास कमी होतात असं ठरत नाही. त्याचा पुरावा तोकडा आहे, आणि बऱ्याच चाचण्यांची आखणीच कच्ची आहे. उलट गप्पी नव्या जागी टिकतो, पसरतो आणि तिथल्या जीवसृष्टीत ढवळाढवळ करतो याचा पुरावा भक्कम आहे. तळ्यात त्याला अळ्यांपेक्षा सोपं खाणं मिळतं: शेवाळ, बारीक किडे, दुसऱ्या माशांची नुकती जन्मलेली पिल्लं. आपल्याकडे अळ्या खाणारे मासे नाहीत असंही नाही. पट्ट्यापट्ट्यांचा पॅनचॅक्स पाण्याच्या पृष्ठभागालगत राहतो आणि अळ्या आवडीने खातो. तो इथला आहे, पण त्याच्या नावाने मेसेज फिरत नाही.

पाषाण तलावाचं उदाहरण घेऊ, कारण ताई तिथेच निघाली होती. हा तलाव रामनदीवर बांधलेला आहे. पावसाळ्यात तो भरून वाहतो, रामनदी मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीच्या जलाशयात जाते. प्लास्टिकच्या पिशवीतून ओतलेलं पिल्लू ‘आमच्या तळ्यात’ राहत नाही. परका मासा पुढे काय करतो हे पाहायचं असेल तर उजनीच्याच मच्छीमारांना विचारा. चिलापी, म्हणजे तिलापिया, 1952 साली देशात आणला गेला. आज उजनीच्या जाळ्यात चिलापीच चिलापी असते. टाकीची काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा कंटाळलेल्या लोकांनी असाच कुठे कुठे सोडला, आणि आता तो खाण्याच्या माशांऐवजी जाळ्यात येतो, जाळी फाडतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने आक्रमक परकी प्रजातींसाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली, ती उगाच नाही.

राहिलं पुण्य. टाकीतलं पिल्लू अठ्ठावीस अंशाच्या स्वच्छ पाण्यात, वेळेवर खाणं मिळत वाढलेलं असतं. ते तळ्यात ओतलं की एकतर तिथल्या पाण्याच्या फरकाने तडफडतं, नाहीतर काही मिनिटांत मरळ किंवा बगळा गिळतो. यातून जे वाचतात ते वर सांगितलेला उद्योग करतात. शिवाय दुकानातून आलेल्या माशांबरोबर जंत आणि रोग येतात, तेही तळ्यात उतरतात. यात दया कुठे आहे, हे मला तरी कुणी दाखवून द्यावं. मुलांना बरोबर नेऊन, त्यांच्या हाताने हे करवून घ्यायचं आणि त्याला प्राणिप्रेम म्हणायचं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आता बाकीचे मुद्दे.

पाणी बदलू नका, हा सल्ला पिल्लांना मारणारा आहे. मासे कल्ल्यांतून विषारी अमोनिया टाकतात, उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तरी पाणी बदलल्याशिवाय नायट्रेट जात नाही. पिल्लांना वारंवार खाऊ घालायचं असतं, म्हणजे घाणही जास्त. तेव्हा आठवड्यातून दोनदा पाव टाकी पाणी बदला. नळाचं पाणी क्लोरीन काढणारं औषध घालून किंवा रात्रभर उघडं ठेवून, टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट करून, हळूहळू ओता. ‘आईचं पाणी’ या कल्पनेत एक बारीकसा खरा भाग आहे: पिल्लं एकदम नव्या, कोऱ्या पाण्याच्या बरणीत टाकू नयेत. पण त्याचं कारण आई नाही, जुन्या फिल्टरमधले जिवाणू आहेत. वेगळी टाकी करायचीच असेल तर चालू टाकीतला वापरलेला स्पंज तिच्यात ठेवा.

हळद टाकू नका. मत्स्यशेतीत खाद्यात हळद मिसळून संशोधन झालेलं आहे, ते वेगळं. डब्यातली भुकटी पाण्यात विरघळत नाही, तळाला आणि स्पंजमध्ये बसते, कुजते, आणि पाणी गढूळ करते. ताईने टाकली होती. दुसऱ्या दिवशी फिल्टरचा स्पंज पिवळा आणि पाणी धुकट. अर्धं पाणी बदलून, स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून काढावा लागला. नळाखाली धुतला असता तर जिवाणूही गेले असते.

बलक फक्त नाइलाजाने, आणि तोही अगदी कणभर, कारण तो पाणी नासवतो. रोजचं कोरडं खाद्य दोन बोटांत चुरून पीठ करा आणि दिवसातून तीन-चार वेळा चिमटीने द्या. जमत असेल तर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची अंडी उबवा: लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, हवेची नळी सोडायची, आणि साधारण दीड दिवसात अंड्यांतून जिवंत खाणं तयार. पिल्लाचं अंग पारदर्शक असतं, त्यामुळे आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट बाहेरून नारिंगी दिसतं. सहा-सात मिलिमीटरचा जीव, डोळे अंगाच्या मानाने केवढे, आणि मधे तो नारिंगी ठिपका. तो दिसला की खाणं थांबवायचं. पोटभर म्हणजे किती, हे मेसेज सांगत नाही, पिल्लू सांगतं.

ब्रीडिंग बॉक्सबद्दल एवढंच की पिल्लांना सुरुवातीचे थोडे दिवस जाळीच्या डबीत ठेवायला हरकत नाही. पण मादीला दिवसेंदिवस तिच्यात कोंडलं तर ती घाबरून अर्धवट वाढलेली पिल्लं टाकते, कधी स्वतःच मरते. मासे पिल्लं खातात हे खरं, आई पण खाते. या माशांत पिल्लांची राखण हा प्रकारच नाही. उपाय म्हणजे लपायला जागा. जावा मॉसचा दाट गोळा, हॉर्नवर्ट, वर तरंगणाऱ्या वनस्पतींची मुळं. आणि सगळ्यात आधी फिल्टरचं तोंड झाका, स्पंजने किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या तुकड्याने. ‘रात्री वीस होती, सकाळी सहा’ असं म्हणून लोक आईला बोल लावतात, आणि पिल्लं फिल्टरने ओढलेली असतात.

मेसेजच्या पाचही उपायांमागे एक समज आहे, की जन्मलेलं प्रत्येक पिल्लू वाचलंच पाहिजे. मिश्र टाकीत ते शक्य नाही आणि योग्यही नाही. दोन फुटांच्या टाकीत तीस पिल्लं जगवलीत तर चार महिन्यांत त्यांची पुढची पिढी येईल, आणि मग पुन्हा पिशवी घेऊन तळ्याकडे पावलं वळतील. एंजलने काही खाल्ली तर खाऊ द्या. ऐकायला हे कठोर वाटतं, ताईलाही वाटलं. पण झाडांत दडून जी चार-सहा वाढतात त्यांना नीट जागा आणि नीट पाणी मिळतं.

त्यातूनही जास्त झालीच तर ती दुसऱ्या टाकीत जातील, बाहेर नाही. इंचभर वाढलेली, धडधाकट पिल्लं बरेच मत्स्यदुकानदार घेतात, कधी बदल्यात खाद्याचा डबा देतात. शाळेत, ओळखीत टाकी असणारं कुणीतरी असतंच. आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून रोज पोटाखालच्या मागच्या परावर नजर ठेवा: नराचा तो पर काडीसारखा लांबट होतो, मादीचा पंख्यासारखाच राहतो. काडी दिसायला लागली की नर त्याच दिवशी वेगळे काढा. मोठी मादी साठवलेल्या शुक्राणूंवर आणखी काही वेळा विणेल, त्याला इलाज नाही, पण तिच्या लेकी तरी थांबतील.