म्हाताऱ्या कुत्र्यासाठी थकणं म्हणजे ‘श्रीमंती थेर’?

‘म्हाताऱ्या कुत्र्याचे लाड पुरेत’ नावाचा एक फॉरवर्ड सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. परवा एका काकांनी तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. माझ्या ताईने तो वाचला आणि काही न बोलता फोन बाजूला ठेवला. तिची लॅब्रेडॉर, राणी, एकेकाळी म्हातोबा टेकडी एका दमात चढायची. आता तिच्या मागच्या दोन्ही पायांना संधिवात आहे. घर कोथरूडच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताई उत्तर देणार नाही, म्हणून मी देतोय.

‘कुत्रं ओरडत नाही म्हणजे दुखत नाही.’ साफ चूक. सांध्याचं जुनं दुखणं कुत्री सहसा ओरडून सांगत नाहीत. उठायला वेळ लागतो, जिन्यापाशी ती थबकतात, एकच सांधा चाटत बसतात, हात लावला की अंग चोरतात.

‘पूर्ण विश्रांती द्या.’ तीही नको. पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि सांध्यावरचा भार वाढतो. पट्टा लावून थोडं थोडं, पण रोज चालवायचं. वजन कमी करा म्हटलंय, ते मात्र खरं आहे. जाड कुत्र्याचं वजन थोडं उतरलं तरी लंगडणं कमी होतं. एवढं एक वाक्य बरोबर आहे, मान्य.

‘आपलीच अंगदुखीची गोळी अर्धी द्या.’ हे लिहिणाऱ्याने कुत्र्यांचे जीव धोक्यात घातलेत. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत जातं. गोळी अर्धी केल्याने ती सुरक्षित होत नाही, कारण कुत्र्याचं शरीर ही औषधं आपल्यासारखी पचवत नाही. संधिवातावर कुत्र्यांना कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम अशी औषधं देतात, पण मात्रा पशुवैद्य ठरवतात आणि मधूनमधून रक्त तपासून यकृत-मूत्रपिंड ठीक आहे ना ते बघतात. कुणी ही गोळी आधीच दिली असेल तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि आता ते वाक्य, ज्याने ताईचा चेहरा उतरला: ‘कुत्र्यासाठी रडणं ही श्रीमंती थेरं, माणसांची सेवा नको असलेल्यांची.’ काका, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं ताईनेच केलं, हे तुम्हाला माहीत आहे.

अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’मध्ये एक अभ्यास छापला. 238 पाळीव प्राणी-मालक, त्यातल्या निम्म्यांचे प्राणी दीर्घ किंवा गंभीर आजारी. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची काळजी घेणाऱ्यांचा ताण मोजायला जी प्रश्नावली तयार झाली होती, तीच थोडी बदलून वापरली. आजारी प्राण्यांच्या मालकांमध्ये ताण, नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं स्पष्टपणे जास्त आढळली. म्हणजे हा भार खरा आहे आणि तो मोजता येतो.

तो कसा असतो ते कोथरूडला जाऊन बघा. राणीच्या पोटाखालून टॉवेल घालून, तिचं मागचं अंग उचलून धरत ताई तिला एकेक पायरी उतरवते. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरू नयेत म्हणून हॉलभर सतरंज्या अंथरल्यात. रात्री नखं फरशीवर खरवडल्याचा आवाज आला की ताई उठून बसते. कधी राणीची गादीवरच शू होते, मग ती कान पाडून कोपऱ्यात तोंड घालते आणि ताई तिला कुरवाळत स्वतःच रडते. थंडी पडली की हे सगळं वाढतं. आज दुखतंय की फक्त कंटाळलीये, औषध पुरतंय का, आपण हिला उगाच जगवतोय का, हे ती कुणाला विचारणार? राणी सांगू शकत नाही, आणि माणसांना विचारलं तर असले फॉरवर्ड येतात.

शेवटी लिहिलंय, ‘इंजेक्शन देऊन मोकळे व्हा.’ वेदना आवाक्याबाहेर गेल्या तर तो निर्णय दयेचा असू शकतो, पशुवैद्याशी बोलून, त्या जनावराकडे बघून घेतलेला. घरचे ‘मोकळे’ व्हावेत म्हणून नव्हे.

काका, तो मेसेज डिलीट करा आणि ज्यांना पाठवलात त्यांना निदान गोळीचं तरी कळवा. आणि येत्या रविवारी दुपारी राणीजवळ बसायला कोण जातंय ते ग्रुपवर लिहा. ताईला झोप हवी आहे.