फाशी चुकवायची असेल तर

फाशीची भीती वाटते? मग कंपनी काढा. कंपनीला समाजात मान असतो, पण दोर अडकवायला मान नसते. कायद्याने म्हणे ती 'व्यक्ती'च. तिच्या नावावर जमीन होते, कर्ज निघतं, ती दावेही लावते. फक्त लटकवता येत नाही.

खोटं वाटतं? भोपाळला विचारा. 1984 च्या डिसेंबरात युनियन कार्बाइड कंपनीच्या टाकीतून रात्री वायू सुटला आणि हजारो माणसं मेली, कारखान्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांतली. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधाचं कलम काढलं. उरलं 304-अ, निष्काळजीपणाचं; ट्रकखाली कुणी आलं की ड्रायव्हरला लावतात ते. 2010 मध्ये निकाल लागला. सात अधिकाऱ्यांना 2 वर्षं, लाखभर दंड आणि जामीन त्याच दिवशी. अमेरिकेतले मोठे साहेब तर खटल्याला आलेच नाहीत.

एवढं भांडवल नाही? मग निदान भटक्या जमातीत जन्मू नका. 2003 मध्ये नाशिकजवळ दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. वाचलेल्या साक्षीदार बाईपुढे पोलिसांनी गुन्हेगारांचे फोटो ठेवले. तिने चौघांवर बोट ठेवलं. ते चौघं राहिले बाजूला आणि पिंजऱ्यात उभे राहिले भलतेच सहा जण, भटक्या जमातीतले. हायकोर्टाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती चूक सुधारून सहाही जणांना फाशी सुनावली. एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे मागाहून उघड झालं. 2019 मध्ये त्याच कोर्टाने सहाही निर्दोष ठरवले. दोर ओढायला उशीर झाला म्हणून बरं. सरकारी दिरंगाईने कुणाचं भलं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

फाशी गरिबांच्याच वाट्याला येते, असं सुप्रीम कोर्टाच्या न्या. भगवतींनी 1982 मध्येच लिहून ठेवलंय. पण फाशी ठेवावी की नाही, या खटल्यात पाच न्यायाधीशांत ते पडले चाराविरुद्ध एकटे. 2016 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांची पाहणी केली, तर चारातले जवळजवळ तीन आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. तेव्हा ग्रुपवर 'भर चौकात लटकवा' खुशाल लिहा. चौकात तुमच्या ओळखीचं कुणी नसणार.

आणि त्या सहा जणांची काळजी नको. प्रत्येकी 5 लाख भरपाईचा आदेश झालाय. 16 वर्षांनी भागलं तर दिवसाला 85 रुपये पडतात, वर राहणं-जेवणं फुकट.