सिमेंट, वाख आणि ‘हौशी’ हा शब्द

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. त्याच रात्री उत्तर लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून तीन दिवस थांबलो.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी ओंडक्यांच्या खोलीची हिवाळ्याआधीची डागडुजी लिहिली होती: ओंडक्यांमधल्या फटीत अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे तंतू, ठोकायचा, वरून माती, चुना आणि कुटार कालवून लिंपायचं, बाहेरून जवसाचं तेल. त्यावर अकोल्याच्या या वाचकांनी लिहिलं: “फटी सिमेंटनं एका दिवसात बुजतात. हौशी लोकांनी मातीचे खेळ खुशाल करावेत, गावातल्या माणसाला शिकवू नयेत.” पुढे तेल, वळचण, जोतं यांवर शेरे, आणि “विदर्भात कसली आली थंडी” हेही.

तेलाचं आधी. मी लिहिलं होतं की जवसाचं तेल दोन दिवसांत वाळतं. ते चूक आहे. घाणीचं कच्चं तेल वाळायला आठवडे लागतात; दोन-तीन दिवसांत वाळतं ते रंगाच्या दुकानातलं, त्यात तेल लवकर वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात. इथं तुमचं बरोबर, चूक कबूल.

आता ‘हौशी’. भाऊ, हा शब्द तुम्ही कुठल्या आधारावर वापरलात? तुम्ही मला ओळखत नाही, माझं घर पाहिलेलं नाही. माझे वडील परतवाड्याला आरागिरणीवर बावीस वर्षं होते. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी त्या पात्यानं नेली. सागाचा पांढरा भाग कुठं संपतो आणि गाभा कुठं सुरू होतो, हे मी शाळेत जायच्या आधी बोट ठेवून दाखवत होतो. मला माझी फुशारकी मारायची नाही. पण ज्यानं आयुष्यात एक ओंडका खांद्यावर घेतला नाही त्यानं दुसऱ्याला हौशी म्हणावं, हे मला सहन होत नाही. तुम्ही घेतला असेल तर तसं लिहायचं होतं.

आणि सिमेंटचं म्हणाल, तर मी ते करून बसलेलो आहे. चिखलदऱ्याच्या खालच्या अंगाला आमचं शेत आहे. २०१३च्या उन्हाळ्यात तिथं पहिली खोली उभी केली आणि तुम्ही सांगता तसंच केलं. मिस्त्री म्हणाला, एका दिवसाचं काम. एका दिवसातच झालं. भिंत दिसायलाही सुरेख, करड्या रेघा ओढल्यासारखी. त्यावर एक पावसाळा गेला, मग फेब्रुवारी-मार्च २०१४ची ती गारपीट आली. उत्तरेच्या भिंतीवर आठवडाभर तिरपा पाऊस बसला. एप्रिलमध्ये खालून दुसऱ्या ओंडक्याजवळ कुबट वास येऊ लागला, भिजलेलं पोतं कोपऱ्यात विसरलं की येतो तसा. पेचकस टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. सिमेंटची पट्टी हातानं ओढली, ती हातभर लांब अख्खी सुटून आली. मागं लाकूड काळं, ओलं, बोटानं कुस्करता येईल असं. त्यात उधई. बाहेरून मात्र एक डाग नाही. वडील तेव्हा होते. ते काही बोलले नाहीत, ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. मला ते अजून दिसतं.

हे का होतं, तेही सांगतो, म्हणजे पुन्हा ‘मातीचे खेळ’ म्हणणार नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच नाही, पण आडव्या अंगानं नऊ इंची ओंडका सूतभर तरी कमीजास्त होतो. सिमेंट जागचं हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात ओंडका त्याच्यापासून सुटतो आणि मध्ये केसाएवढी फट राहते. तेवढ्या फटीत पाणी आपणहून ओढलं जातं. ते बाहेर मात्र पडत नाही, कारण वारा तिथं पोचत नाही. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. सिमेंटमागं ती वीसच्या वरच राहते. सागाचा गाभा हेही बरंच सोसतो, पांढरा भाग सोसत नाही, आणि गोल ओंडक्यात बाहेरून पांढराच भाग असतो.

वाख लाकडाबरोबर दबतो, लाकडाबरोबर फुलतो. माती-चुना ओल घेतो आणि ऊन पडलं की सोडतो. त्याला दर वर्षी तडे जातात, हे मी लेखातच लिहिलं होतं. ते दिसतात, म्हणून दिवाळीनंतर दोन दिवस बसून बुजवता येतात. सिमेंटमागचं दिसत नाही. उत्तर युरोपात ओंडक्यांच्या घरांत फटीत शेवाळ ठोकतात ते याच कारणानं. तिथल्या माणसालाही तुम्ही हौशी म्हणणार का?

खर्चाचं राहिलं. अंबाडी आमच्याच बांधावरची, कुटार गोठ्यातलं, माती नाल्याकाठची. विकत आणतो तो फक्त चुना. गावातल्या माणसाला नक्की काय महाग पडतं, हे मला तुम्ही समजावू नका.

थंडीबद्दल एवढंच, की २९ डिसेंबर २०१८ला खाली नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. आम्ही त्याहून बऱ्याच उंचावर राहतो. आणि पौषात अवकाळीची झड लागली की कोरड्या थंडीपेक्षा ती ओली थंडी हाडात शिरते. ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे त्याला विचारा.

वळचण दीड फूट आखूड पडते आणि जोतं आणखी वर हवं होतं, हे तुमचे बाकीचे मुद्दे. जागेवर येऊन न बघता यावर काय बोलायचं! वळचण वाढवायची तर वासे बदलावे लागतात. ज्याला शक्य आहे त्यानं वाढवावी.

तुम्ही “सिमेंटनं का नाही?” एवढंच विचारलं असतं, तर हेच सगळं मी आनंदानं लिहिलं असतं. प्रश्न चांगलाच आहे, पुष्कळांच्या मनात असतो. पण तुम्हाला प्रश्न विचारायचा नव्हता, भाऊ, मला माझी जागा दाखवायची होती.

तेल वाळण्याची ओळ लेखात दुरुस्त केली आहे. सोबत एक वाक्य वाढवलं आहे, तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. सिमेंटचा परिच्छेद आहे तसाच राहील.