साठ फ्रेम आणि दोन आरसे

रेसिंग सिम्युलेटर चालवणाऱ्या माणसाला "गेम खेळतोस का?" असं विचारू नये. तो आधी दुखावतो, मग समजवायला बसतो, आणि ते समजवणं गेमपेक्षा लांबतं. गेम म्हणजे भिंतीवर आपटलेली गाडी दोन सेकंदांत परत रस्त्यावर. सिम्युलेटर म्हणजे टायर थंड असताना पहिल्याच वळणावर गाडी गिरकी घेते आणि आपण "वा, काय खरं केलंय!" म्हणून मान डोलावतो. टायरचं तापमान, त्यातली हवा, टाकीतल्या पेट्रोलचं वजन, सगळ्याचा हिशेब. 'असेट्टो कोर्सा' नावाच्या इटालियन सिम्युलेटरमध्ये हे गणित सेकंदाला ३३३ वेळा सोडवलं जातं.

ते मांडताना इटलीतल्या त्या सज्जनांनी वेंगुर्ल्याचा मे महिना मात्र धरला नव्हता.

आमचं घर नळ्यांचं, चिरेबंदी. कॉम्प्युटर पडवीत, कारण आईने तो माजघरात येऊ दिला नाही. मे महिन्यात दुपारी या पडवीत माणूस नुसता बसला तरी निथळतो, त्यात टेबलाखालचा डबा तोंडावर गरम वाफा सोडत असतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवायला आपणहून वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. आमच्याकडे जेवणानंतर अख्खा गाव तेच करतो. पण गाव झोपला तर कुणाचं अडत नाही, प्रोसेसर पेंगला की माझी गाडी वाळूत जाते. हिशेब साधा आहे. ताशी २५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० मीटर. सेकंदाला ६० फ्रेम मिळत असतील तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत गाडी सव्वा मीटरच्या आत सरकते. २० मिळाल्या तर साडेतीन मीटर. तेवढ्यात ब्रेक मारायची खूण मागे पडते, वळण अंगावर येतं, आणि पडद्यावर सूचना झळकते की सीपीयू, म्हणजे तोच प्रोसेसर, ९९ टक्क्यांच्या वर भरला आहे. म्हणजे अपघाताचा पंचनामा आधी, अपघात नंतर.

त्यात खारी हवा. कॅबिनेटचे स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात तांबूस झाले. कुडाळचा दुरुस्तीवाला झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिला. ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर, उबेला, पालीची अंडी होती. "फॅन फिरताहा, पाल पण खुशाल आसा. मगे तक्रार कसली?" असं म्हणून त्याने झाकण लावलं आणि पैसे घेतले. स्वस्तातल्या पेडलांचं दुखणं वेगळंच. त्यांच्या पोटात पोटेन्शिओमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच. त्याच्या पट्टीवर घाण बसली की तो वाटेल ते आकडे पाठवतो, आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी मनानेच ब्रेक दाबते. मागून येणारा फिनलंडचा खेळाडू माझ्या बुडात शिरतो आणि इंग्रजीत शिव्या देतो. त्याला दमट हवेची हकिगत काय सांगणार?

मशीन जेमतेम असलं की एक निवड करावीच लागते. खरेपणा डोळ्यांना हवा की हातांना? दोन्ही परवडत नाहीत. मी हात निवडले. सावल्या नावापुरत्या, रस्त्यावरची चकाकी बंद, धूर बंद, गवत बंद. सव्वीस गाड्यांची शर्यत सहांवर आणली, कारण प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं गणितही त्याच एका प्रोसेसरच्या डोक्यावर. पण फोर्स फीडबॅक, म्हणजे रस्त्याचे धक्के स्टिअरिंगमधून हातांना देणारी मोटर, पूर्ण. गाडी कडेच्या लालपांढऱ्या पट्ट्यांवर गेली की स्टिअरिंग हातात असं खडखडतं की आजोबांचं फणसाचं टेबल इंचभर सरकतं आणि आतून आई ओरडते, "मिक्सर कोणी लावल्यान?" पडद्याकडे बघून तिचं मत असं पडलं की एवढे पैसे घालून आणलेला गेम १९९८ सालचा दिसतो. तिला काय माहीत, १९९८ साली आलेल्या 'ग्रां प्री लेजंड्स'ला जुनेजाणते आजही कुर्निसात करतात. १९६७ च्या हंगामातल्या त्या गाड्या, पंख नाहीत, पकड नाही. दिसायला ठोकळे, पण चालवायला इतक्या खऱ्या की निम्म्या लोकांनी पहिल्याच दिवशी डबा बंद केला.

हातांनंतर राहिला डोळ्यांचा कोन, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू. मॉनिटर ही जर काचेची खिडकी मानली तर तिच्यातून जेवढं खरोखर दिसेल तेवढंच दाखवायचं, असा यातला कर्मठ पंथ आहे आणि मी त्याचा वारकरी. आईच्या शिवणकामाची टेप घेऊन नाकापासून पडद्यापर्यंत अंतर मोजलं. ६५ सेंटिमीटर. २४ इंची मॉनिटरची रुंदी ५३. उत्तर येतं साधारण ४४ अंश. एवढ्या कोनात वळणं अगदी खऱ्या मापाची दिसतात, अंतराचा अंदाज चुकत नाही. फक्त पुढच्या काचेचा मधला तुकडा सोडून दुसरं काहीही दिसत नाही. डावी खिडकी नाही, उजवी नाही, आरसे तर नाहीतच. हे सगळं दिसायला तीन मॉनिटर लावायचे असतात. तेवढी चित्रं काढायला कार्ड मोठं लागतं, कार्ड मोठं म्हटलं की पॉवर सप्लाय मोठा, आणि शेजारच्या माडाच्या बागेतला पंप सुरू झाला की आमची ट्यूबसुद्धा डोळे मिचकावते. तेव्हा ४४ अंश.

एवढ्या तपश्चर्येनंतर सगळं जमलं होतं. ६० फ्रेम ठाम. आणि मामा आले.

मामा एसटीतून निवृत्त. उभी नोकरी वेंगुर्ला–बेळगाव, म्हणजे आंबोली घाट रोजचा. माझ्या खुर्चीत बसले, खुर्ची पुढे ओढली, पाठ टेकवली, पाय पेडलांवर ठेवून बघितले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि विचारलं,

"आरसे खंय आसत?"

मी ४४ अंशांचं प्रवचन केलं. टेपही दाखवली. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, प्रवासी चुकीच्या गाडीत बसल्याचं सांगतो तेव्हा ऐकावं तसं. "ता सगळा बरा. पण आरसो नसलेली गाडी डेपोतसून भायर काढूची नाय. लाव आरसे."

आता गंमत अशी की सिम्युलेटरमधला आरसा फुकट मिळत नाही. आरशात दिसणारं मागचं जग कॉम्प्युटरला वेगळं रंगवावं लागतं: पुढचं एकदा, मागचं परत एकदा. आरसा लावला आणि ६० च्या ४२ झाल्या. त्या भरून काढायला उरल्यासुरल्या सावल्या काढल्या. मामा पडद्याकडे झुकले.

"सावळी खंय गेली रे? बारा वाजले काय?"

सावली परत आणली, झाडं कमी केली. "झाडां कोणी तोडल्यानी?" झाडं परत लावली, आकाश साधं केलं. आकाशाबद्दल मामांनी काही म्हटलं नाही. ड्रायव्हर आकाशाकडे बघत नसावेत.

मी त्यांना नॉर्डश्लाइफवर सोडलं. जर्मनीतला हा रस्ता २०.८ किलोमीटरचा, सत्तरहून जास्त वळणं, जंगलातून तीनशे मीटरचा चढउतार. १९७६ साली फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा इथेच जळत्या गाडीत अडकला, आणि त्या जुन्या रस्त्यावर फॉर्म्युला वन पुन्हा गेलं नाही. असेट्टो कोर्सात तो २०१५ साली आला, लेझरने मोजून, डांबराचा एकेक उंचवटा जिथल्या तिथे. (आपल्याकडच्या हमरस्त्याचंही असं लेझर मोजमाप करता येईल. पण माप घेऊन माणूस घरी पोचेपर्यंत खड्डा दुसरीकडे गेलेला असेल.) मला वाटलं, मामा हरखतील. मामांनी दुसरा गिअर टाकला आणि ताशी चाळीसने, डाव्या अंगाच्या गवताला चिकटून घाट चढायला लागले. मागून कॉम्प्युटरच्या पाचही गाड्या आल्या. मामांनी हात खिडकीबाहेर काढला, म्हणजे पडवीच्या हवेत, आणि "जा, जा" म्हणून त्यांना वाट दिली. त्या गेल्यासुद्धा. मामांचा त्यावरचा विश्वास अजून कायम आहे.

माझ्याने राहवलं नाही. मी सांगू लागलो की शर्यतीत वळण बाहेरून सुरू करायचं, आत टेकायचं, परत बाहेर निघायचं, म्हणजे कमानीचा घेर वाढतो आणि वेग राहतो.

"म्हणजे आंधळ्या वळणार उजव्या अंगाक जावचा?"

"हो."

"आणि फुडसून ट्रक इलो तर?"

"येणार नाही, मामा. एकाच दिशेचा रस्ता आहे."

मामांनी गाडी तिथेच, जर्मनीच्या मध्यावर, कडेला घेऊन थांबवली. हँडब्रेक शोधला. माझ्याकडे वळून म्हणाले, "फुडसून कोण येणा नाय तो घाट कसलो रे झिला?"

याला उत्तर नाही. अब्जावधीच्या या धंद्यातही कुणाकडे असेल असं वाटत नाही. कितीही चित्रं रंगवा, कितीही वेळा सेकंदाला गणित सोडवा, आंबोलीत धुक्यातून दोन पिवळे दिवे अचानक अंगावर येतात तेव्हा पोटात जो गोळा उठतो त्याची सेटिंग कुठल्याच मेनूत नाही.

ती फेरी अर्ध्या तासाच्या वर चालली. दर्दी लोक सात-आठ मिनिटांत मारतात. उतरताना मामांनी निकाल दिला, आणि तो मी इथे जसाच्या तसा देतो, घरातल्या वडीलधाऱ्यांनी माफ करावं. "स्टेरिंग बोलता, पण खुर्ची गप आसा. गाडी घसराक लागली की पयली ढुंगणाक कळता. मगे हाताक. डोळ्यांक सगळ्यात शेवटी."

हसू नका. यातल्या तज्ज्ञांचं म्हणणं अक्षरशः हेच आहे. खऱ्या गाडीत मागचं चाक सुटायला लागलं की आसनातून कळतं. सिम्युलेटरमध्ये तेवढंच नेमकं हरवतं आणि सगळा भार स्टिअरिंगवर पडतो. म्हणून खुर्चीखाली बोल्टने बसवायचे बास शेकर मिळतात, आवाजाऐवजी नुसता हादरा देणारे. त्यातल्या एका नामांकित यंत्राचं नावच 'बटकिकर' आहे. त्याच्या पुढच्या पायरीला अख्खी खुर्ची हलवणारे मोटरवाले पाट असतात, त्यांच्या किमतीत खरी गाडी दारात उभी राहील. मामांनी हे यंत्र उभी नोकरी सरकारी खर्चाने वापरलं.

जूनमध्ये मामांना मी पाऊसही दाखवला. २०१९ साली आलेल्या 'असेट्टो कोर्सा कॉम्पेतित्सिओने'मध्ये रस्त्यावर पाण्याचा थर साचतो, गाड्या जातात तिथली पट्टी आधी वाळते, काचेवर थेंब वेगाने वर सरकतात. अप्रतिम काम. पण थेंब रंगवता रंगवता माझं कार्ड तिसाच्या खाली आलं. मामा वायपरकडे बघत होते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या घाटात ज्याने एसटी हाकली त्याला पाऊस दाखवायचा म्हणजे आगाऊपणाच. "ह्यो पाऊस? ह्येच्यात आमी काच उघडी ठेवून विडी ओढू." एवढं बोलले आणि बाहेर नळ्यांवर जो खरा सुरू झाला त्याने लाईट घेतली. यूपीएसने एकच किंकाळी फोडली आणि मान टाकली. ६०० व्हीएचा यूपीएस, त्यावर मेल वाचत बसलात तर दहा मिनिटं देईल. ग्राफिक्स कार्ड तापलेलं असताना त्याच्याकडून दहा सेकंदांचीही अपेक्षा ठेवू नये.

शेवटी तोडगा निघाला तो 'युरो ट्रक सिम्युलेटर २'मध्ये. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा हा खेळ २०१२ सालचा, माझ्या डब्याला झेपणारा. युरोपचा नकाशा एकोणिसाव्या हिश्श्यावर आणलेला, त्यामुळे देश लवकर संपतात. आरसे दोन, भलेमोठे, आणि तरीही ६० फ्रेम. फुडसून गाड्या येतात. शिवाय त्यात ब्रिटन आहे, जिथे डावीकडून चालतात. मामांनी उजव्या हाताच्या स्टिअरिंगचा ट्रक घेतला आणि प्लिमथ ते डोव्हर असा मार्ग कायम केला. डोव्हरहून बोटीने कॅलेला जाता येतं, पण पलीकडे उजवीकडून चालतात हे कळल्यावर त्यांनी फ्रान्स कायमचा रद्द केला. सिग्नल तोडल्याचा दंड सुरुवातीला पुष्कळ झाला, कारण आमच्या बाजूला सिग्नल म्हणजे रेल्वेचा. आता तेही अंगवळणी पडलंय. झोपेची वेळ झाली की ट्रकचा ड्रायव्हर जांभया देतो, हा भाग मामांना सगळ्यात खरा वाटतो.

एक अडचण तेवढी उरली. माल भरला, ब्रेक सुटला, रस्ता मोकळा, तरी ट्रक प्लिमथच्या आवारातून हलेना. मला वाटलं पेडल परत गेलं. मामा आरशात बघत बसलेले. ट्रकच्या नव्हे, माझ्या दिशेने मान करून म्हणाले, "डबल बेल कोण देतलो?"

आई देवघरातली घंटा देईना. तेव्हापासून मी मागच्या स्टुलावर बसून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतो. दोनदा वाजवला की सुटते, एकदा वाजवला की थांबते. काल साउदॅम्प्टनजवळ चुकून एकच वाजला आणि मामांनी हायवेवर करकचून ब्रेक मारला. मागे लागलेल्या रांगेकडे आरशातून शांतपणे बघत त्यांनी विचारलं, "कोण उतारतला?"