खाडा कोणाच्या खात्यावर?

वाद पेटला तो क्लास चालवणाऱ्या मास्तरांच्या एका वाक्यावरून. ‘काही म्हणा, कोरोनामुळे छोटा धंदा ऑनलाइन तरी आला.’ सदाशिव पेठेत, जिथे वाड्यावाड्यांत एमपीएससीची पोरं कॉट लावून राहतात, तिथे हे खानावळवाल्या काकांच्या देखत बोलायचं म्हणजे भांडण विकत घेणंच.

‘धंदा कुठला ऑनलाइन येतोय? गिऱ्हाईक गावाला गेलं,’ काका म्हणाले. ‘मार्च २०२० मध्ये पोरं बॅगा उचलून निघाली. महिन्याचे पैसे आगाऊ घेतलेले. चार दिवसांच्या वर गैरहजर राहिलं तर खाडा धरायचा, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे वळते करायचे, हा मेसचा नियम. पण सगळं गावच गैरहजर म्हटल्यावर खाडा कोणाच्या खात्यावर टाकणार?’

‘म्हणून तर जेवण घरपोच देणाऱ्या ॲपवर जायचं,’ मास्तर हटेनात.

इथे सीएनं तोंड घातलं. हा माणूस चहाच्या बिलाच्या पाठीवरही ताळेबंद मांडतो. ‘थाळी १५० ला लावली. ॲपवर सवलत द्यावीच लागते, त्यातले ३० मेसच्या गळ्यात. राहिले १२०. करारात २५ टक्के कमिशन असेल तर ३० गेले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ५ रुपये ४० पैसे. हातात ८४.६०. पार्सलच्या थाळीत दोन भाज्या आणि गोड द्यावं लागतं, माल ५२ चा. डबे, पिशवी, चमचा मिळून १४. उरले १८ रुपये ६० पैसे. आता मेस बघ. महिन्याला ३,६०० म्हणजे साठ जेवणं, ताटाला ६०. माल ३८ चा, पॅकिंग शून्य. उरले २२. दीडशेची थाळी साठच्या ताटापेक्षा कमी देते.’

‘पण भाडं, शेगडी, पोळ्यांच्या मावशींचा पगार हे मेसमधून निघालेलंच आहे ना? मग वरचे १८ म्हणजे फायदाच की.’ मास्तरांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता.

‘तवा रिकामा असेल तोवर,’ काका म्हणाले. ‘किलोभर कणकेच्या तीसएक पोळ्या होतात. मावशींचा हात तोच, तवा तोच. साडेबारा ते दोन पंगत बसलेली असते, ॲपची ऑर्डर पण तेव्हाच पडते. एक तर ताटावरचा माणूस पोळीची वाट बघतो, नाहीतर दारातला डिलिव्हरीवाला. ताटावरचा चिडला तर महिन्याचे ३,६०० गेले.’

त्यात पार्सलची स्वतःची दुखणी. तव्यावरची पोळी तशीच डब्यात कोंबली की वाफेचं पाणी होतं आणि तळच्या चार पोळ्या चिकटतात. जाळीवर पसरून वाफ जाऊ द्यायची, मग बटर पेपरात गुंडाळायची. आमटीचा डबा काठोकाठ भरला की पहिल्याच स्पीडब्रेकरला झाकणातून बाहेर, म्हणून वर बोटभर जागा सोडायची. भात मात्र ‘गार होऊ दे’ म्हणून तासन्‌तास उघडा ठेवायचा नाही. कोमट भातात जंतू झपाट्यानं वाढतात आणि नंतर गरम केला तरी त्यांचं विष जात नाही. भात शेवटी लावायचा, वाफाळताच भरायचा आणि पोळ्यांपासून वेगळा ठेवायचा.

लॉकडाऊनमध्ये घराघरांतून डबे सुरू झाले त्याचं काय, असं मास्तरांनी विचारलं. ‘ते खरे उद्योजक!’

‘त्यातले कागदावरचे किती ते आधी सांग,’ सीए म्हणाला. १ जुलै २०२० पासून छोट्या उद्योगांसाठी सरकारची उद्यम नोंदणी आली. आधार नंबरवर होते, फुकट. तरी त्यासाठी एजंटला पैसे देणारे भेटतातच. घरच्या स्वयंपाकघराला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. तेव्हा १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत वर्षाला १०० रुपये फी होती. ‘हे दोन्ही करून खालच्या शेगडीला घरचा १४.२ किलोचा सिलेंडर, जो धंद्याला वापरायला बंदी आहे. व्यावसायिक १९ किलोचा आणि त्याचा दर धरून डब्याची किंमत काढा, मग कोण टिकतं ते बघू.’

जे टिकले त्यांनी ॲप सोडून इमारती धरल्या, यावर मात्र काका आणि सीए एक झाले. एकाच सोसायटीत दहा डबे असतील तर पोचवण्याचा खर्च डब्यामागे दोन-तीन रुपयांवर येतो. स्टीलचे डबे माणशी दोन: आजचा देताना कालचा परत घ्यायचा. तीस गिऱ्हाइकांना साठ, वर पाच-सहा जास्तीचे, आणि डब्याची अनामत आधी. झाकणावर रंगानं नंबर टाकला नाही तर पहिल्याच आठवड्यात झाकणं बदलतात.

ऑनलाइन आलं ते खरं पैशात आणि निरोपात. सकाळी दहाला व्हॉट्सॲपवर ‘संध्याकाळी कोण येणार?’ विचारलं की भात किती लावायचा ते कळतं, खाड्यावरून भांडण राहत नाही. क्यूआरचं तर विचारूच नका. तिथे सीएची एक सूचना सगळ्यांनी मुकाट ऐकली: रोज दुकान उघडताना स्वतःच्या फोननं स्वतःचाच कोड स्कॅन करायचा आणि नाव वाचायचं, कारण रात्रीतून वर दुसरं स्टिकर चिकटवतात. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याला ‘साउंडबॉक्स बोलू दे’ म्हणायचं, म्हणजे पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा डबा. आणि मेव्हण्यानं परत केलेले उसने पैसे त्या खात्यात घ्यायचे नाहीत. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरूनच छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. किराण्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या विक्रीची, पण खानावळ सेवेत मोडते, तिला २० लाख. जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या जेवणाचा ५ टक्के कर ॲप भरतं खरं, पण ती विक्री या २० लाखांत मोजली जाते. इथेच पुष्कळजण फसतात.

मास्तरांनी शेवटचा पत्ता काढला. ‘आणि क्लास? पोरगं गावात बसून शिकतंय. तुमच्या मेसची गरजच काय?’

आतापर्यंत गप्प बसलेला भावी अधिकारी, म्हणजे मेसमधला एमपीएससीचा पोरगा, उसळला. ‘मास्तर, दीड जीबीचं रोजचं पॅक, तासाच्या लाइव्ह लेक्चरला सहाएकशे एमबी. दोन लेक्चरं आणि थोडा अभ्यासाचा व्हिडिओ, संपलं. रेकॉर्डिंग बरं, दीडपट वेगानं बघता येतं.’

‘आणि आठवड्यात कुठल्यातरी ग्रुपवर फुकट फिरतं,’ मास्तर पुटपुटले. आता ते व्हिडिओवर पोराचाच मोबाईल नंबर पुसट दिसेल असा टाकतात.

‘माहिती मिळते हो ऑनलाइन. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. उत्तर लिहायचं, कुणीतरी लाल पेननं खोडायचं. अंधारात काढलेला तिरका फोटो पाठवला तर तपासणारा काय कपाळ तपासणार? आणि परीक्षेचं म्हणाल तर मार्च २०२१ मध्ये तीन दिवस आधी पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तेव्हा याच भागात पोरं रस्त्यावर उतरली होती. गावात बसून ते जमलं असतं?’

‘म्हणजे पोरं परत आली,’ काका.

‘आली, पण वर्षभर नाही. पूर्व होईपर्यंत घरी, मुख्यच्या आधी चार-पाच महिने पुण्यात.’

‘मग वर्षाचं गणितच बदला,’ सीए बिलाचा कागद उलटा करत म्हणाला. ‘चार महिन्यांचं मेस कार्ड, खाडा फक्त आदल्या रात्री आठच्या आत कळवला तरच. ॲप ठेवा, पण दुपारी बंद, रात्री नऊनंतर सुरू. आणि सवलतीचं बटण आधी बंद करा.’

‘ते बटण कुठे असतं?’ काकांनी मोबाईल भावी अधिकाऱ्याच्या हातात दिला.