समतोल हानीच्या फाशांत शोधू नये
‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळात जादूच्या आठही शाखांना सारख्याच हानीचे मंत्र द्यावेत, ही लेखातील सूचना मला पटत नाही. खेळाच्या २०१४ च्या नियमांत ‘फायरबॉल’ हा आगीच्या गोळ्याचा मंत्र सहा बाजूंच्या ८ फाशांच्या बेरजेइतकी हानी करतो, हे खरे. पण आम्ही म्हापशात पावसाळ्यातल्या रविवारी खेळतो, तेव्हा खेळ फिरवतो तो डिव्हिनेशनचा, म्हणजे भविष्य जाणण्याच्या शाखेचा, विझार्ड (जादूगार), कारण दीर्घ विश्रांतीनंतर वीस बाजूंचे जे २ फासे तो आधीच टाकून ठेवतो, त्यांतला कमी अंकाचा फासा नेमक्या क्षणी सर्वांत बलाढ्य शत्रूच्या माथी, त्याच्या स्वतःच्या फाशाऐवजी, मारता येतो.

खरी अडचण इल्युजनची, म्हणजे आभास निर्माण करणाऱ्या शाखेची, आहे. तिचे बळ नियमांपेक्षा डन्जन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, निर्णयावर अवलंबून असते, त्यामुळे एका टेबलावर ती अजिंक्य ठरते आणि दुसऱ्यावर निरुपयोगी. आभासी भिंतीवर शत्रू कितपत विश्वास ठेवील, हे मोहिमेआधीच ठरवून घेणे मला अत्यावश्यक वाटते. शिवाय शाखांच्या सीमाही स्थिर नाहीत: जखमा भरणारा ‘क्युअर वूंड्स’ २०१४ मध्ये इव्होकेशनमध्ये, म्हणजे ‘फायरबॉल’च्याच ऊर्जेच्या शाखेत, होता, २०२४ च्या नियमांत तो संरक्षक मंत्रांच्या शाखेत, म्हणजे अ‍ॅब्ज्युरेशनमध्ये गेला. म्हणून शाखेऐवजी एकेक मंत्र तपासावा, आणि तो टिकवायला एकाग्रता लागते का (अशा वेळी तसा दुसरा मंत्र चालवता येत नाही), हे आधी पाहावे.